चारातला एकच उठला, एवढं तरी सांगा

लिनक्सच्या कर्नलमध्ये पॅच पाठवणाऱ्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, सप्रेम नमस्कार.

पुण्यात, बंगळुरात, कोणी त्याहूनही लांब बसून तुम्ही कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दुरुस्त्या (पॅच) पाठवता. मी गुहागरच्या बाजारपेठेत संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. तुम्ही लिहिलेल्या ओळी माझ्या गिऱ्हाइकांच्या स्क्रीनवर सरकत जातात आणि त्या वाचून मी पोट भरतो. मागणी एका ओळीची आहे: मशिन सुरू होताना किती प्रोसेसर उठले हे सांगणारी ओळ, किती उठायला हवे होते तेही सांगू दे. ती का मागतोय हे सांगायला मात्र जरा जास्त जागा लागेल, आणि त्यात माझीच थोडी शोभा होईल. असो.

खाडीपलीकडे, दाभोळच्या बाजूला, एक बर्फ कारखाना माझं गिऱ्हाईक आहे. धोपाव्याहून फेरीबोटीने पलीकडे जायचं. बोट बंद असली की चिपळूणवरून वळसा, म्हणजे अख्खा दिवस गेला. कारखान्यात लाद्यांचा हिशेब, बोटवाल्यांची उधारी आणि चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एकाच मशिनवर चालतं. चार कोरचा (म्हणजे एका चिपमध्ये चार प्रोसेसर असलेला) जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स मीच घातलेलं. मागच्या ऑक्टोबरात, संध्याकाळी विजा कडाडायच्या दिवसांत, ते मशिन सुरू होता होता अडकायला लागलं. शेवटची दिसणारी ओळ प्रोसेसर उठवण्याच्या आसपासची होती, म्हणून मला वाटलं एखादा कोर गेला. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ‘मॅक्ससीपीयूज=१’ लिहून पाहिलं, म्हणजे एकच प्रोसेसर उठव, बाकीच्यांना झोपू दे. दर वेळी हाताने लिहायला नको म्हणून ते थेट फाइलमध्येच टाकलं. मशिन एकदा सुरू झालं, मग परत अडकलं. शेवटी निघाला रॅमचा दोष. समुद्राची खारी हवा, पट्टीचे सोनेरी पाय पार काळवंडलेले. खोडरबर फिरवला, सुती कापडाने पुसलं, पुन्हा बसवलं, दहा वेळा चालू-बंद करून पाहिलं. ठणठणीत. शेवटची बोट चुकू नये म्हणून पिशवी उचलून धावत सुटलो.

फाइलमधली ती ओळ तशीच राहिली.

पुढचे नऊ महिने तो कारखाना एका कोरवर चालला. कॅमेऱ्यांनी तो एक कोर खाऊन टाकलेला, त्यामुळे हिशेबाची खिडकी उघडायला मिनिट लागायचं. तांडेल (बोटीचा म्होरक्या) बाहेर बर्फासाठी खोळंबलेला आणि आत पोरगा माउस आपटतोय. मला फोन आला की मी जायचो. धूळ काढली, पंखा बदलला, हार्डडिस्क काढून एसएसडी घातली, तिचे पैसेही घेतले. थोडा फरक पडला, आणि त्यावर मी खूश होतो! एकदाही बूटच्या, म्हणजे मशिन सुरू होतानाच्या, ओळी वर जाऊन वाचल्या नाहीत, कारण मशिन सुरू होत होतं आणि सुरू होणाऱ्या मशिनच्या बूटच्या ओळी कोणी वाचत नाही.

परवा फोन आला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढ्यात कारखान्याची रंगरंगोटी, डागडुजी उरकतात. हंगाम तोंडावर आल्यावर पोराने मशिन चालू केलं आणि ‘दादा, पुन्हा कासव झालाय’ म्हणून सांगितलं. एरवी मी फोटो मागवतो. ट्यूबलाइटची तिरीप पडलेला, कडेच्या चार अक्षरी कापलेला, पण फोटो. त्या दिवशी पावसाने इंटरनेट गेलेलं, नुसता आवाज तेवढा येत होता. म्हटलं, मी सांगतो ती कमांड टाक आणि वाच.

“दादा, हितं खंडीभर लिवलंय.”

“एस एम पी असं कुठे दिसतं का बघ.”

“हाय. ब्रिंगिंग अप सेकंडरी सीपीयूज. पुढं तीन टिंबं.”

“त्याच्या खाली?”

“ब्रॉट अप वन नोड, वन सीपीयू.”

मी गप्प झालो.

“खाली अजून हाय. टोटल ऑफ वन प्रोसेसर्स ॲक्टिव्हेटेड. दादा, वन आणि प्रोसेसर्स? आमच्या बाईंनी कान धरला असता.”

त्याला व्याकरण दिसलं, मला माझे नऊ महिने दिसले. (पोराचं बरोबर आहे, बरं का. पहिल्या ओळीत तुम्ही एक असेल तर एकवचन, जास्त असतील तर अनेकवचन असं नीट पाहून छापता. लगेच खालच्या, एक्स८६च्या, म्हणजे इंटेल-एएमडी जातीच्या प्रोसेसरांच्या, ओळीत मात्र नेहमीच अनेकवचन. दोन हातांनी दोन काळात लिहिलंय हे लगेच कळतं.)

चूक माझी, यात वाद नाही. कर्नलने माझी आज्ञा पाळली. पण मग मी पोराला वरच्या ओळी वाचायला लावल्या, तेव्हा जे लक्षात आलं त्यासाठी हे पत्र. कर्नलला तिन्ही गोष्टी माहीत होत्या. अगदी सुरुवातीला कमांड लाइन (सुरू होताना कर्नलला दिलेल्या आज्ञा) जशीच्या तशी छापली होती, तिच्या टोकाला माझं ‘मॅक्ससीपीयूज=१’. मध्ये कुठेतरी ‘अलाउइंग’ शब्दाची ओळ, तिच्यात चार सीपीयू. आणि बरंच खाली, एक उठला. दुवा जोडायचा तो वाचणाऱ्याने, आणि तोही या तिन्ही ओळी एकमेकींच्या नात्यातल्या आहेत हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्याने.

गंमत बघा. मी त्याच कमांड लाइनवर स्पेलिंग चुकवून काहीतरी बडबड लिहिली असती, तर अलीकडचं कर्नल वेगळी ओळ छापून सांगतं की हा शब्द मला ओळखीचा नाही, तो मी पुढे पाठवतोय. अनोळखी शब्दासाठी एवढा शिष्टाचार. आणि ज्या ओळखीच्या शब्दाने तीन चतुर्थांश मशिन झोपवून ठेवलं त्याच्याबद्दल चकार शब्द नाही.

आमच्याकडे वादळाचा इशारा आला की बंदरावर बोटी मोजतात. निसर्ग आलं तेव्हा, जून २०२० मध्ये, आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हाही सगळे हेच करत होते. मोजणारा प्रत्येक आलेल्या बोटीची दवंडी पिटत नाही. तो म्हणतो, चाळीसातल्या अडतीस आल्या, दोन जयगडला आसऱ्याला थांबल्यात. किती असायला हव्या होत्या, किती आल्या, उरलेल्या कुठे आहेत. नुसतं ‘अडतीस आल्या’ म्हणून तो घरी गेला तर बायका त्याला उंबऱ्यातून परत पाठवतील.

तुमची ओळ नुसतं ‘अडतीस आल्या’ म्हणते.

हे असं का झालं तेही मला समजतं. मशिन चालू केलं की आधी एकच प्रोसेसर जागा होतो, शून्य नंबरचा. तांडेलच म्हणा. तो मग बाकीच्या खलाशांना हाका मारतो. एक्स८६वर आधी ‘इनिट’ आणि मागोमाग ‘सिपी’ असे इशारे जातात. झोपलेला कोर मेमरीच्या पहिल्या एक एमबीत ठेवलेल्या छोट्याशा कोडवर जागा होतो, तोही सोळा बिटांच्या अवस्थेत, १९७८ च्या ८०८६ चा वारसा सांगत. तिथून पायऱ्या चढत चौसष्ट बिटांपर्यंत येतो आणि ‘आलो’ अशी खूण करतो. पूर्वी या प्रत्येक कोरमागे स्क्रीनवर ओळींचा पाऊस पडायचा. दोन-चार कोर होते तोवर बरं वाटायचं, मशिन काहीतरी करतंय असं दिसायचं. मग हजारो प्रोसेसरांची मशिनं आली. २००९ च्या शेवटी एक्स८६वरच्या या ओळी छाटणारा पॅच आला, त्याच्या टिपणातला हिशेब मला पाठ आहे: ४,०९६ प्रोसेसर आणि ५६के वेगाचा सिरियल कन्सोल (ओळी तारेवरून हळूहळू बाहेर पाठवणारी जोडणी) असेल तर सुरुवातीच्या ओळी बाहेर पडायलाच सुमारे ८४ मिनिटं लागतील. ८४ मिनिटं! तेवढ्यात मी धोपाव्याहून दाभोळला जाऊन चहा पिऊन परत येतो. २०१३ मध्ये कर्नलवाल्यांनी त्या ओळी आणखी आवळल्या, नोडचा (प्रोसेसरांच्या गटाचा) नंबर आणि पुढे रकान्यांत कोरांचे आकडे. ऑगस्ट २०२३ च्या ६.५ आवृत्तीपासून तर बऱ्याच मशिनांवर हाका एकामागून एक न मारता एकदम मारता येतात.

छाटणी बरोबरच होती. जो आला त्याच्यासाठी एक आकडा पुरे. माझी तक्रार एवढीच की छाटताना ‘सगळे आले’ आणि ‘काही आले नाहीत’ या दोन्हींना सारखीच कात्री लागली. सगळे आले तर शेवटची ओळ जशी आहे तशी राहू दे. कमी आले तर तीच ओळ थोडी लांब होऊ दे: चारपैकी एक सीपीयू चालू, तीन बंद, कारण मॅक्ससीपीयूज=१. बस. कर्नलच्या ज्या फाइलीत ‘ब्रॉट अप’ची ओळ छापली जाते त्याच फाइलीत माझ्या आज्ञेतला आकडा साठवलेला असतो. हजर किती आणि चालू किती हे मोजायची सोय आधीपासून आहे. शिवाय ती फाइल सगळ्या जातीच्या प्रोसेसरांना सामाईक, म्हणजे एकदा लिहिलं की एक्स८६, आर्म (मोबाइलमध्ये असतात त्या जातीचे), सगळ्यांचं काम झालं. पाच-सात ओळींचा पॅच असेल. मी सी भाषा वाचू शकतो, तुमच्या पद्धतीचं लिहू शकत नाही, नाहीतर पत्राऐवजी तोच पाठवला असता.

यावर तुम्ही काय म्हणाल याचाही विचार केलाय. केडम्प. मुख्य कर्नल कोसळल्यावर त्याची मेमरी वाचवायला जे दुसरं छोटं कर्नल उठतं, ते मुद्दाम एकाच प्रोसेसरवर उठवतात. तिथे दर वेळी ‘इशारा, इशारा’ म्हणून ओरडलं तर खऱ्या इशाऱ्यांकडे लोक दुर्लक्ष करतील. कबूल. म्हणून मी ओळीच्या महत्त्वाची पातळी वाढवा म्हणत नाही. ती आत्ता माहितीच्या, सहाव्या पातळीवर आहे, तिथेच असू दे. ‘क्वाएट’ (गप्प राहा) घातलेल्या मशिनवर ती स्क्रीनवर दिसणार नाही, चालेल. मी मागाहून वाचायला जाईन तेव्हा दोन आकडे शेजारी शेजारी असले की माझं काम झालं. आणि कोणाच्या स्क्रिप्टा जुन्या शब्दांवर अवलंबून असतील तर जुने शब्द पुढे ठेवून नवे मागे जोडा.

आता हाक मारूनही जो आलाच नाही त्याच्याबद्दल. एक्स८६वर ६.५ च्या आधीच्या कर्नलमध्ये अशा वेळी येणारी ओळ मी मोठ्याने वाचतो: डू अंडरस्कोर बूट अंडरस्कोर सीपीयू, फेल्ड, कंसात वजा एक, टू वेकअप, सीपीयू हॅश एक. ही ओळ पावसात, खरखरत्या फोनवर, बारावी झालेल्या पोराकडून वाचून घ्या एकदा. सुरुवात होते ती तुमच्या कोडमधल्या फंक्शनच्या नावाने, जे माझ्या काही कामाचं नाही, आणि मध्येच कंसातला आकडा. कर्नलचीच कोड लिहिण्याची जी नियमावली आहे, तिच्यात संदेश आटोपशीर, स्पष्ट आणि निःसंदिग्ध ठेवा असं म्हटलंय, आणि कंसात आकडे छापल्याने काही भर पडत नाही, ते टाळा, असंही. आपल्याच घरची पाटी आपण वाचावी. त्यापेक्षा पूर्वी, दहा-बारा वर्षांमागच्या कर्नलमध्ये, ‘स्टक’ लिहून पुढे दोन प्रश्नचिन्हं असायची, ती मला आवडायची. निदान लिहिणाराही माझ्यासारखाच बुचकळ्यात पडलाय हे कळायचं.

चौसष्ट बिटांच्या आर्मवाल्यांनी हे काम चांगलं केलंय. तिथे आधी ‘सीपीयू अमुक, फेल्ड टू कम ऑनलाइन’ अशी सरळ ओळ, आणि खाली जमेल तेवढं कारण: सुरुवातीलाच मेला, कर्नलमध्ये अडकून पडला, किंवा या कोरला अमुक आकाराची मेमरीची पानं चालत नाहीत. कोणालाही वाचून दाखवता येतं. (जे उठले त्यांच्या बाबतीत मात्र आर्मवाले अजून दवंडी पिटतात, दर कोरला एक ओळ आणि शेवटी कंसात एक सांकेतिक आकडा. माझ्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर तो ४१ ने सुरू होतो. ४१ म्हणजे आर्म कंपनी, पुढे डी०८ म्हणजे कॉर्टेक्स-ए७२, शेवटचा ३ ही आवृत्ती. कोडं सुटलं तेव्हा मजा आली. पण चारही कोर एकाच जातीचे असताना तेच कोडं चार वेळा कशाला?)

बोगोमिप्सबद्दल थोडक्यात. वेळ मोजण्यासाठीच्या रिकाम्या फेऱ्यांचा तो आकडा, नावातच ‘बोगस’ आहे, तुम्हाला माहीत आहे. गिऱ्हाइकाला नाही. पाय ४ वर तो १०८ येतो, कारण तिथे तो ५४ मेगाहर्ट्झच्या टायमरवरून काढलेला असतो. शेजारच्या जुनाट डेस्कटॉपवर दर कोरला पाच-सहा हजार. “नवीन घेतलेलं पन्नास पट हळू दिलंत काय हो?” असं मला एका शाळेच्या शिक्षकांनी तोंडावर विचारलंय. शेवटच्या ओळीतली त्याची बेरीज तरी काढून टाका.

हे सगळं मराठीत छापा असं मी म्हणत नाही. अडलं की त्या इंग्रजी ओळीचे शब्द जसेच्या तसे नेटवर शोधावे लागतात, भाषा बदलली तर तो एकुलता एक आधारही जाईल. कर्नलच्या दस्तावेजांचे चिनी, जपानी, कोरियन, इटालियन, स्पॅनिश अनुवाद सोबत येतात, त्यात मराठी नाही. कोणी हात घातला तर बूटच्या ओळींचा अर्थ सांगणारं प्रकरण मी बसून लिहून देईन, माझ्याकडे उदाहरणं पोतंभर आहेत. पण ओळ इंग्रजीतच राहणार असेल तर साधी असावी, मोठ्याने वाचता येईल अशी. इकडे बूटचे संदेश वाचतो एक जण आणि समजून घेतो दुसरा, मध्ये खाडी असते.

त्या दिवशी फोनवरच पोराकडून ग्रबची फाइल उघडवली, ते ‘मॅक्ससीपीयूज=१’ पुसवलं, मशिन पुन्हा सुरू करवलं.

“वाच आता.”

“नोड हॅश झिरो, सीपीयूज... हॅश वन, हॅश टू, हॅश थ्री.” मग जरा थांबून, “दादा, तुमी चार बोललाव ना? हितं तीनच आलेत. एक गेला काय?”

शून्य नंबरचा आधीच उठलेला असतो, तोच बाकीच्यांना उठवतो, म्हणून त्याचं नाव यादीत येत नाही, हे त्याला समजावलं. “म्हंजे तांडेल स्वतःला मोजत नाय,” तो म्हणाला. खालच्या ओळीत चार होते, ते वाचल्यावर त्याची खात्री पटली. ही यादी शून्यापासून सुरू करता आली तर तेही बघा, पण ते नंतर.

एसएसडीचे पैसे परत देतो म्हणून मालकांना फोन केला. ते म्हणाले, राहू दे, गणपतीत लागेल तेवढा बर्फ घेऊन जा.

पॅच कोणी लिहिलाच तर तपासायला माझ्याकडे तीन मशिनं आहेत: एक इंटेलचं दोन कोरचं, एक एएमडीचं चार कोरचं, एक पाय ४. मॅक्ससीपीयूजचे सगळे आकडे घालून, एकेक कोर बंद ठेवून, प्रत्येकाचं संपूर्ण आउटपुट पाठवीन. ३१ तारखेपर्यंत मी तसा रिकामाच आहे. १ ऑगस्टला बोटी सुटल्या की बर्फवाल्यांचे फोन सुरू होतात, मग उत्तराला चार दिवस लागतील.

आपला,
गुहागर बाजारपेठेतला एक संगणक दुरुस्तीवाला